देवळालीचा ताप

मुंबईहून नाशिकला जाणारी गाडी कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला टेकते, मग घोटी, पाडळी, अस्वली, लहवित अशी छोटी स्टेशनं मागे टाकते आणि देवळाली येतं. पुढचं स्टेशन नाशिक रोड. त्यामुळे डब्यातली माणसं तोवर उठून सामान काढायला लागलेली असतात आणि खिडकीबाहेरच्या पिवळ्या पाटीकडे कुणी पाहत नाही. मीही कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं. एकदा एका जाडजूड इंग्रजी शब्दकोशात भलतंच काही शोधताना ही पाटी मला अचानक समोर दिसली, आणि तेव्हापासून त्या स्टेशनावरून जाताना मी हटकून बाहेर बघते.

त्या शब्दकोशात 'डूलॅली' नावाचं एक विशेषण होतं. अर्थ दिला होता, डोकं ठिकाणावर नसलेला, भ्रमिष्ट. ब्रिटनमध्ये हा शब्द आजही घरोघरी बोलला जातो. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी आजी असो की भलतंच धाडस करायला निघालेला मित्र, 'डूलॅली झालाय' असं सहज म्हटलं जातं. बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाटत असेल की हा नुसता गमतीचा आवाज आहे, बडबडगीतातल्यासारखा. पण व्युत्पत्तीच्या जागी कोशानं गावाचं नाव दिलं होतं. देवळाली. आपली, नाशिकजवळची.

इंग्रजांनी १८६१ मध्ये इथं लष्कराचा तळ उभारला. मायदेशाहून आलेले आणि मायदेशी निघालेले गोरे शिपाई इथं थांबत. हिंदुस्थानात नोकरीची मुदत संपली की शिपायाला आपल्या पलटणीतून काढून देवळालीला पाठवायचे, तिथून मुंबई आणि मुंबईहून जहाज. कागदावर हे सरळ दिसतं. पण सैनिकांची ने-आण करणारी जहाजं फक्त थंडीच्या मोसमात सुटत. मार्चमध्ये शेवटचं जहाज गेलं आणि एखाद्याची मुदत त्यानंतर संपली, तर त्याला हिवाळ्यापर्यंत तिथंच बसून राहावं लागे. तो आता कुठल्या पलटणीचा नव्हता. हातात बंदूक नाही, रोजची कवायत नाही, कामही नाही. एप्रिल-मेचा उन्हाळा, मग घाटमाथ्यावरचा पाऊस, आणि घरी जायची आस.

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायानं १९३६ मध्ये आपल्या हिंदुस्थानातल्या दिवसांवर 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक लिहिलं. त्यात या तळाचं वर्णन येतं. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक ठपका नव्हता, अशी माणसं तिथल्या रिकामपणात बिघडत. काहीतरी गुन्हा करून बसत आणि घरी जायच्या आधी तुरुंगात जात. कुणी चमत्कारिक वागू लागला की शिपाई म्हणायचे, याला 'डूलॅली टॅप' झालाय. हा वाक्प्रचार त्या तळावरच्या कंटाळ्यातून जन्मला असावा, असं रिचर्ड्सचं मत होतं.

आता या दोन शब्दांकडे मराठी कानांनी बघा. टॅप हा इंग्रजीतला नळ नव्हे आणि टिचकीही नव्हे. हिंदुस्थानी बोलीतला 'तप', म्हणजे ज्वर, संस्कृतातला 'ताप'. म्हणजे इंग्रज शिपाई जे म्हणत होता ते होतं 'देवळालीचा ताप'. इकडे आपण पिढ्यान् पिढ्या 'डोक्याला ताप' म्हणतो आहोत! पुढे लोकांना शेपटाची गरज वाटेनाशी झाली, ताप गळून पडला आणि गाव तेवढं उरलं. गावाच्या नावानं वेड सांगण्याची रीत आपल्यालाही नवी नाही. कुणाला 'ठाण्याला पाठवा' किंवा 'येरवड्याला पाठवा' असं म्हणताना तिथली मनोरुग्णालयं आपल्या मनात असतात, आणि तिथं खरोखर राहिलेल्या माणसांचा विचार नसतो. देवळालीच्या बाबतीतही तेच झालं. शब्द हलका झाला, आणि बराकीबाहेर बसून जहाजाचे दिवस मोजणारा तो कुणी पंचविशीतला मुलगा त्यातून दिसेनासा झाला.

मला तोच दिसावासा वाटतो. विचित्र इंग्रजी शब्दांच्या याद्या आपण गंमत म्हणून वाचतो, अवघड उच्चार करून बघतो आणि विसरतो. पण प्रत्येक शब्दाला जन्मगाव असतं. तिथं कुणीतरी उभं होतं, त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि हाताशी शब्द नव्हता. ते गाव सापडलं की शब्द विचित्र राहत नाही.

इंग्रजीतल्या काही शब्दांचं जन्मगाव तर थेट आपल्या बोलीत आहे. 'मंगूस' हा त्यांतला एक. सतराव्या शतकात इंग्रजांना इथं एक चपळ, सापाशी झुंजणारा प्राणी दिसला. त्यांच्याकडे तो नव्हता, म्हणून नावही नव्हतं. त्यांनी मराठीतलं 'मुंगूस' उचललं. मराठीत तो शब्द बहुधा दक्षिणेकडून आलेला, कारण कन्नड आणि तेलुगूत त्याची भावंडं आहेत. इंग्रजीत जाताना मात्र त्याचं स्पेलिंग असं झालं की शेवटी 'गूस', म्हणजे हंसासारखा पक्षी, येऊन बसला. त्या पक्ष्याचं अनेकवचन 'गीस' होतं, म्हणून इंग्रज मुलं आजही अडखळतात की दोन मुंगसांना 'मंगीस' म्हणायचं का. नाही म्हणायचं. कारण तो पक्षी त्या शब्दात कधी नव्हताच. होता तो बांधावरून सर्रकन पळणारा आपला मुंगूस.

काही शब्द मात्र टेबलाशी बसून, विचार करून घडवलेले असतात. माझ्या सर्वांत आवडत्या अशा शब्दात सहा वेळा 'झेड' येतो. झेंझिझेंझिझेंझिक. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्सच्या वैद्यानं १५५७ मध्ये बीजगणितावर इंग्रजीत एक पुस्तक छापलं. त्या काळी गणित म्हणजे लॅटिन. पण रेकॉर्डला साध्या इंग्रज माणसाला, त्याच्याच भाषेत, ते शिकवायचं होतं. अडचण अशी, की संख्येचा घात दाखवायची डोक्यावरच्या छोट्या आकड्याची पद्धत रूढ व्हायला अजून जवळपास ऐंशी वर्षं होती. वर्ग, घन, चौथा घात, सगळं शब्दांतच सांगायचं. वर्गाला तो म्हणाला 'झेंझिक'. वर्गाचा वर्ग 'झेंझिझेंझिक'. त्याचाही वर्ग, म्हणजे आठवा घात, झेंझिझेंझिझेंझिक. दोनाचा झेंझिझेंझिझेंझिक म्हणजे २५६. संस्कृत बीजगणितात चौथ्या घाताला 'वर्गवर्ग' आणि आठव्याला 'वर्गवर्गवर्ग' म्हणत. घडण अगदी तीच.

आणि हा 'झेंझ' आला कुठून? जर्मन गणित्यांकडून. त्यांनी तो इटालियन 'चेन्सो'वरून घेतला, इटालियनांनी लॅटिनमधून, आणि लॅटिन अनुवादकांनी अरबी गणितातल्या वर्गाच्या नावाचं भाषांतर म्हणून तो वापरला होता. अरबी बीजगणितात वर्गाला म्हणत 'माल'. माल म्हणजे संपत्ती. मालमत्तेतला, मालदारातला, दुकानात भरलेला तो आपला माल. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले होते.

त्याच पुस्तकात रेकॉर्डनं बरोबरीचं चिन्ह पहिल्यांदा वापरलं. दोन समांतर रेघा, कारण त्यांच्याहून एकमेकींच्या बरोबरीच्या दोन गोष्टी असू शकत नाहीत असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी, १५५८ मध्ये, तो कर्जापायी तुरुंगात असताना वारला. त्याचा लांबलचक शब्द मेला. त्याच्या दोन रेघा आज पहिलीतलं मूलही काढतं.

१५५७ याच वर्षी तिकडे व्हेनिसमध्ये एक गोष्टींचं पुस्तक छापलं गेलं, सेरेंदिपच्या तीन राजपुत्रांचं. हे राजपुत्र वाटेनं जाताना बारीकसारीक खुणा टिपतात. गवत एकाच बाजूचं खाल्लेलं दिसलं, तेही कमी प्रतीचं, तर हरवलेला उंट एका डोळ्यानं आंधळा असणार. ही उंटाची गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांनी लहानपणी वेगळ्या रूपात ऐकलेली असते. दोनशे वर्षांनी, २८ जानेवारी १७५४ रोजी, होरेस वॉलपोल हा इंग्रज लेखक फ्लॉरेन्समधल्या आपल्या मित्राला पत्र लिहीत होता. एका जुन्या पुस्तकात त्याला, शोधत नसताना, हवी तीच माहिती सापडली होती आणि तो आनंद सांगायला शब्द मिळेना. त्याला ते राजपुत्र आठवले आणि त्यानं पत्रातच शब्द घडवला, 'सेरेंडिपिटी'.

इंग्रजीतल्या फार थोड्या शब्दांची अशी नेमकी जन्मतारीख सांगता येते. आणि सेरेंदिप म्हणजे काय? अरबी 'सरनदीब', आणि त्याच्या मुळाशी संस्कृत 'सिंहलद्वीप'. म्हणजे श्रीलंका. लंडनच्या एका उमरावाच्या दौतीतून निघालेल्या शब्दाच्या पोटात सिंहलद्वीप!

याला मराठीत काय म्हणावं, यावर मी बराच विचार केला आहे. 'योगायोग' पुरत नाही. 'काकतालीय न्याय' जवळ जातो, कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ. पण त्या न्यायात कावळ्याचं कर्तृत्व काहीच नाही. वॉलपोलनं मात्र स्पष्ट सांगितलं होतं की यात अपघाताबरोबर चाणाक्षपणाही हवा. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीवर बुरशी आली, तो अपघात. बुरशीभोवतीचे जंतू मेले आहेत हे त्याच्या नजरेनं टिपलं आणि बशी फेकली नाही, ती सेरेंडिपिटी. आपल्याकडे एका शब्दात हे मावत नाही, आणि ती उणीव मला खरोखर जाणवते.

कधी उलटंही असतं. मायल्स कव्हरडेलच्या १५३५ च्या इंग्रजी बायबलमध्ये 'ओव्हरमॉरो' असा शब्द आहे. अर्थ, परवा. उद्यानंतरचा दिवस. इंग्रजीनं तो पुढे टाकून दिला, आणि आज इंग्रज माणसाला एवढ्याशा गोष्टीसाठी चार शब्दांची मोळी बांधावी लागते. आपल्याकडे परवा आहे, तेरवाही आहे. शिवाय आपला परवा दोन्हीकडे तोंड करून उभा असतो. 'परवा आले' आणि 'परवा येईन', मागचा की पुढचा हे क्रियापद सांगतं. कुणाला त्याची कधी अडचण झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

१६२३ मध्ये हेन्री कॉकरम यानं अवघड शब्दांचा एक छोटा कोश काढला. साधं बोलणाऱ्याला भारदस्त बोलता यावं, हा हेतू. त्यासाठी त्यानं लॅटिनमधून ओंजळी भरभरून शब्द आणले, आणि त्यातले कित्येक त्याच्या कोशाबाहेर कुणी कधी उच्चारले नाहीत. त्यात एक होता 'ॲप्रिसिटी'. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. किती हवाहवासा अर्थ! डिसेंबरच्या सकाळी ओट्यावर शाल पांघरून उन्हाला बसलेल्या माणसाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तरी शब्द रुजला नाही. माझ्या मते कारण एवढंच, की तो उन्हात बसलेल्या कुणाच्या तोंडून आला नव्हता.

आणि मग आहे तो शब्द, ज्यातून कुणाला काही म्हणायचंच नव्हतं.

१९३४ मध्ये अमेरिकेत वेबस्टरच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. सुमारे सहा लाख नोंदी, उचलायला दोन हात लागावेत असा ग्रंथ. त्याच्या ७७१ व्या पानावर एक छोटी नोंद होती. 'डॉर्ड', नाम, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रात, घनता. उच्चारही दिलेला. पाच वर्षं हा शब्द तिथं होता आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. २८ फेब्रुवारी १९३९ रोजी एका संपादकाला दिसलं की या नोंदीला व्युत्पत्तीच नाही. कुठल्या भाषेतून आला, कुठल्या धातूवरून, काहीच नाही. आईबाप नसलेला शब्द.

मग चिठ्ठ्यांचे गठ्ठे उपसले गेले. कोशाचं काम तेव्हा चिठ्ठ्यांवर चाले, एका नोंदीला एक चिठ्ठी. शोधता शोधता ३१ जुलै १९३१ ची एक चिठ्ठी हाती लागली. रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी त्यावर लिहिलं होतं, 'डी ऑर डी'. म्हणजे मोठा डी किंवा छोटा डी, यांपैकी कुठलंही अक्षर घनतेचं संक्षिप्त रूप म्हणून चालतं. चिठ्ठी जायला हवी होती संक्षेपांच्या गठ्ठ्यात, गेली शब्दांच्या गठ्ठ्यात. आणि शब्दांच्या चिठ्ठ्यांवर अक्षरं सुटी सुटी, मध्ये जागा सोडून टंकलेली असत. पुढच्या माणसाला दिसलं डी, ओ, आर, डी. त्यानं ती जोडून वाचली. त्याच्या पुढच्यानं उच्चार लिहिला. कुणीही हलगर्जीपणा केला नव्हता. प्रत्येकानं आपल्यापुढे आलेलं काम नीट केलं होतं, आणि त्यातून शून्यातून एक शब्द उभा राहिला.

संस्कृतात याला नाव आहे. घुणाक्षरन्याय. घुण लाकूड पोखरत जातो, त्याला लिपी माहीत नसते, पण पोखरता पोखरता एखादं अक्षर उमटतं. 'डॉर्ड' हे घुणाक्षर होतं. पुढच्या छपाईत ते काढलं, आणि पानावर पडलेली फट भरायला शेजारची नोंद थोडी लांबवली. ही सगळी हकीकत फिलिप गोव्ह यांनी १९५४ मध्ये लिहून प्रसिद्ध केली. तिसऱ्या आवृत्तीचे प्रमुख संपादक तेच. त्यांच्या लिहिण्यात हळहळ आहे. घनतेला डॉर्ड म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असा त्यांचा सूर. मला तो सूर पटतो. उच्चारून बघा. डॉर्ड. खरंच जड वाटतो.

शेवटचा शब्द असा, की ज्याची गरज प्रत्येकाला होती आणि जो १९६४ पर्यंत इंग्रजीत नव्हता.

मेच्या अखेरीस वळीव येतो. आधी धूळ उडते, मग चार टपोरे थेंब, आणि अंगणातून तो वास उठतो. आपण त्याला मृद्गंध म्हणतो. ऑस्ट्रेलियात इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस हे दोन शास्त्रज्ञ याच वासाच्या मागे लागले होते. उष्ण, कोरड्या हवेत राहिलेले दगड आणि माती घेऊन त्यांनी त्यातून वाफ सोडली, आणि त्यांच्या हाती पिवळसर तेल आलं. वास त्या तेलाचा होता. 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी निबंध लिहिला आणि नाव दिलं, 'पेट्रिकोर'. ग्रीक भाषेत 'पेट्रा' म्हणजे दगड. 'आयकोर' म्हणजे ग्रीक देवांच्या नसांतून रक्ताऐवजी वाहणारा रस. दगडाच्या अंगातलं देवाचं रक्त. रोज मोजमाप करणाऱ्या दोन माणसांनी ठेवलेलं नाव आहे हे.

त्या निबंधात आपल्या देशाचाही उल्लेख आहे, कारण जे तेल त्यांनी प्रयोगशाळेत काढलं ते उत्तर प्रदेशातले अत्तरवाले आधीपासून काढत होते. कनौजला आजही मिट्टी अत्तर तयार होतं. भाजलेल्या मातीच्या खापऱ्या तांब्याच्या डेगेत पाण्यासह उकळायच्या आणि ती वाफ चंदनाच्या तेलात मुरवायची. पहिला पाऊस कुपीत भरून ठेवायची ही युक्ती.

पुढच्याच वर्षी त्या वासातल्या एका मुख्य द्रव्याला नाव मिळालं, 'जिओस्मिन'. मातीतले सूक्ष्म जीव ते तयार करतात. बीटरूटला येणारी मातकट चव त्याचीच. आपलं नाक त्याच्या बाबतीत इतकं तल्लख, की हवेच्या लाखो कोटी कणांत त्याचे मोजके कण असले तरी ओळखतं. आणि नावाची फोड? ग्रीक 'जिओ' म्हणजे माती, 'ऑस्मे' म्हणजे गंध. मृद्गंध. अक्षर न् अक्षर.

बेअर आणि थॉमस यांनी १९६५ मध्ये आणखी एक निबंध लिहिला. ते पिवळसर तेल बियांना लागलं की अंकुर फुटायला उशीर होतो, असं त्यांना दिसलं होतं. कोरडे दिवस जितके लांबतात तितकं हे तेल दगडामातीत मुरत जातं, आणि नुसत्या शिंतोड्यांनी त्याचा फक्त वास उठतो. आपल्याकडे दर जूनमध्ये कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नका. पहिल्या वळवानंतर बांधावर उभा असलेला शेतकरी तोच वास छातीभर घेतो, ढेकूळ उचलून बोटांनी फोडून बघतो, आत कोरडं लागतं, आणि तिफण आणखी काही दिवस गोठ्यातच ठेवतो.